सही केली म्हणजे हात बांधले का?



दिलेला शब्द पाळावा, हे आपणच मुलांना शिकवतो. मग तीच मुलं मोठी होऊन विचारतात, "नोकरी सुटल्यावर वर्षभर तशाच दुसऱ्या कंपनीत जाणार नाही, अशी सही दिली होती. आता कंपनीनेच काढलं. तरी घरी बसायचं का?" आम्ही कृष्णपुऱ्याच्या सेवेकरी भगिनींनी यावर विचार केला, तो आपल्यापुढे ठेवतो.

आधी कायदा बघू. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ सांगतं की कुणाला आपला रास्त कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. दुकान नावलौकिकासकट विकलं तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन चालतं, हा अपवाद.

पण म्हणून शब्दाला किंमतच नाही, असंही नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये निरंजन शंकर गोलीकरी यांनी पाच वर्षांचा करार केला, प्रशिक्षण घेतलं आणि मुदत संपायच्या आत जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली, पण करारातली पाच वर्षं संपेपर्यंतच. उलट १९८० च्या कृष्ण मुरगई यांच्या खटल्यात कंपनीनेच त्यांना काढलं होतं. "सोडल्यावर दोन वर्षं" ही अट काढलेल्या माणसाला लागू नाही, असा निकाल झाला.

आम्हाला यात नीतीही दिसते. मालकाची गुपितं, गिऱ्हाइकांच्या याद्या, कागदपत्रं ही त्याची ठेव आहे. नोकरी गेली तरी ती जपायची, रागाच्या भरातसुद्धा उघड करायची नाही. पण हातातलं कसब ठेव नव्हे. सराफ्यातल्या कारागिराने नक्षीकाम दुसऱ्याच्या पेढीवर शिकलं, म्हणून बोटं तिथे ठेवून जायची का? ज्याने घास काढून घेतला, त्याने दुसरीकडचा घासही अडवावा, हा धर्म नव्हे. वचन दोन्ही बाजूंनी असतं.

तेव्हा ज्यांच्या घरी नोकरी गेली आहे, त्यांनी भिऊन बसू नये. कागद नीट वाचावा, वकिलाला दाखवावा, आणि बिनधास्त अर्ज करावेत.

आणि आपल्यापैकी ज्यांची दुकानं, ऑफिसं आहेत, त्यांनी आपण दिलेली नेमणूकपत्रं आज एकदा काढून बघावीत. कोर्टात न टिकणारी अट केवळ धाक म्हणून लिहिली असेल, तर ती खोडून टाकावी. हीसुद्धा सेवाच.

सर्वांचं कल्याण होवो.
सेवेकरी भगिनी, कृष्णपुरा, इंदूर