वचन आणि अनुष्ठान

विजयनगरच्या काळात श्रीव्यासरायस्वामींच्या शिष्यमंडळीत कनकदास येऊन बसत, त्या वेळची एक कथा कर्नाटकात लहानथोर सर्वजण सांगतात. कनकदास जन्माने धनगर. स्वामी त्यांना जवळ करतात, हे मठातील शास्त्री मंडळींना रुचत नसे. एके दिवशी स्वामींनी प्रत्येक शिष्याच्या हाती एक केळे ठेवले आणि जेथे कोणीही पाहत नसेल अशा जागी जाऊन ते खावे, अशी आज्ञा केली. कोणी कोठीघरात शिरला, कोणी झाडाआड गेला, कोणी डोक्यावरून उपरणे ओढून घेतले. सर्वजण रिकाम्या हातांनी परतले. कनकदासांच्या हातातील केळे मात्र जसेच्या तसे होते. ईश्वर पाहत नाही अशी जागाच त्यांना सापडली नव्हती.

ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करण्याचा आग्रह कोणी धरू नये. तिच्यातील मर्म मात्र सूक्ष्म आहे. भगवान सर्वत्र आहे हे वचन त्या सर्वच शिष्यांना मुखोद्गत होते. किंबहुना त्यावर चार दिवस वाद करण्याची त्यांची सिद्धता होती. केळे सोलण्याच्या क्षणी ते आठवले एकालाच.

व्यासराय (१४६०–१५३९) हे म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरचे. त्याच तालुक्यात, कावेरी आणि कपिला यांच्या संगमाच्या परिसरात, सोसले हे गाव आहे. पुढे त्यांच्या मठाच्या दोन शाखा झाल्या. त्यांपैकी एक या गावाच्या नावाने 'सोसले व्यासराज मठ' म्हणून आजही प्रसिद्ध आहे. 'न्यायामृत', 'तर्कतांडव', 'तात्पर्यचंद्रिका' हे त्यांचे ग्रंथ उघडताना मोठमोठे नैयायिकही कंबर कसून बसतात. असा हा तर्ककर्कश पंडित 'श्रीकृष्ण' ही मुद्रा घालून सोप्या कन्नडमध्ये पदेही रचीत असे! पुरंदरदासांना दीक्षा आणि 'पुरंदरविठ्ठल' ही मुद्रा त्यांच्याकडूनच मिळाली, असे परंपरा मानते. (हा पुरंदर पुण्याजवळचा गड की तीर्थहळ्ळीकडचा गाव, हा वाद विद्वानांनी खुशाल लढवावा, विठ्ठल उभयपक्षी एकच आहे.) न्यायामृताचे पान जात्याशी बसलेल्या माउलीला उपयोगाचे नाही, पदातील एक ओळ मात्र दळण संपेपर्यंत तिला सोबत करू शकते, हे त्या थोर पुरुषाने निश्चित जाणले असावे.

आज अशा ओळींचा दुष्काळ नाही. दिनदर्शिकेच्या पानावर सुवचन असते, शाळेच्या फळ्यावर असते, आणि पहाटे डोळे उघडण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर दहा सुवचने येऊन पडलेली असतात. वाचताना मन क्षणभर उभारी धरते. परंतु दुपारी तेच मन पुन्हा खचते आणि मनुष्य म्हणतो, "हे सर्व वाचण्यापुरते बरे!" हा निराशेचा उद्गार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वचन खोटे की आपणच नालायक, या पेचात अनेक सज्जन आतल्या आत झुरत असतात.

त्यांनी गीतेचा दुसरा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. रथात बसकण मारलेल्या अर्जुनाला भगवंतांनी प्रथम जे ऐकवले, ते अवघे दोन श्लोकांचे आहे. हा अवेळी आलेला मोह कुठला, हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ, असा त्यांचा भाव. याहून तेजस्वी स्फूर्तिवचन शोधून सापडणार नाही. बोलणारा साक्षात् श्रीकृष्ण, ऐकणारा त्याचा परम सखा. तरीही अर्जुन उठला काय? नाही. त्याने आपली व्यथा अधिकच मांडली आणि नवव्या श्लोकात तर लढणार नाही असे सांगून तो गप्प बसला. ज्याला सकाळच्या सुवचनाने दुपारपर्यंत धीर पुरला नाही, त्याने लाजण्याचे कारण नाही. पार्थाचीही तीच गत झाली.

मात्र मधल्या सातव्या श्लोकात एक गोष्ट घडून गेली होती. अर्जुनाने शिष्य होऊन विचारले. मग अठराव्या अध्यायापर्यंत शंका आणि उत्तरे चालली. शेवटीही भगवंत त्याच्यावर सक्ती करीत नाहीत. यावर पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असे सांगतात (१८·६३). अर्जुनाचा होकार त्यानंतर दहा श्लोकांनी येतो, आणि त्यात 'पटले' एवढेच नाही, 'करीन' आहे.

दुसऱ्याला धीर देणारानेही थोडे थांबावे. सतराव्या अध्यायात (१७·१५) वाणीचे तप सांगितले आहे: बोलणे उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, शिवाय स्वाध्यायाचा अभ्यास असावा. यावर शंकराचार्यांनी भाष्यात बारकावा दाखवला आहे की हे गुण एकाच वाक्यात एकत्र हवेत. एक जरी उणा पडला तरी ते वाङ्मय तप नव्हे. उदाहरण म्हणून त्यांनी जे वाक्य घेतले आहे, त्यात बोलणारा ऐकणाऱ्याला 'वत्स' म्हणून हाक मारतो, आधी शांत हो म्हणतो आणि मगच स्वाध्यायाकडे वळवतो. (न्यायामृतकारांचे अद्वैताशी भांडण असले, तरी येथे दोघांचे जुळावे.) ज्याच्या घरी कालच मृत्यू झाला आहे, त्याला आत्म्याच्या अमरत्वाचे वचन लगोलग धाडणे सत्य असेल, हितकरही असेल, पण त्या घटकेला त्याने उद्वेगच वाढतो. तेथे 'वत्स' ही हाकच पुरे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे गीतेचे अठरा अध्याय बंदिवानांना सांगितले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. 'गीता प्रवचने' म्हणून ती आज घरोघर आहेत. पुस्तक हाती आल्यावर आपण ती दोन बैठकांत संपवू शकतो. त्या श्रोत्यांना तशी सोय नव्हती. एक अध्याय ऐकला की पुढचा येईपर्यंत सहा दिवस जात. त्या सहा दिवसांत बराकीतले शेजारी तेच, भिंती त्याच आणि घरची आठवणही तीच. जे ऐकले असेल त्यावरच शनिवारपर्यंत निभावायचे होते.