उतरायचं कुणी लिहायचं?

सोमवारी कॉलेज सुटल्यावर तुमच्यातल्या एकीची आई फाटकापाशी उभी होती. पदराच्या गाठीत पैसे बांधून आणले होते. "मॅडम, पोरीच्या सहलीचे पैसे कोणाजवळ भराचे?" मी विचारलं, कुठली सहल? त्या बाईनं गाठ पुन्हा घट्ट आवळली आणि काही न बोलता निघून गेली. तुम्ही अकराच्या अकरा जणांनी घरी सांगितलंय की कॉलेजची सहल आहे, आणि निघालायत तुमचे तुम्हीच कळसूबाई चढायला. चुका बऱ्याच आहेत, पण आधी ही ऐका. डोंगरावर काही बरंवाईट झालं, तर शोधायला निघणाऱ्या माणसाला पहिली माहिती घरातून मिळते. पोरं कुठं गेली, कोणत्या वाटेनं गेली, परत कधी येणार. ती माहितीच तुम्ही खोटी करून ठेवलीत.

आता तुमचं ते बेत लिहिलेलं वहीचं पान. माझ्या समोरच आहे. शुक्रवारी रात्री अकोल्याहून गाडी. शनिवारी पहाटे इगतपुरी. सकाळी १० वाजता बारी गावातून चढायला सुरुवात. १२ वाजता कळसूबाईचं शिखर. १२ ते ३ फोटो, रील, जेवण. ५ वाजता इगतपुरी स्टेशन, रात्रीच्या गाडीनं परत.

तीन वाजता तुम्ही शिखरावर आहात आणि पाच वाजता स्टेशनवर. मधलं उतरणं कुठे आहे? अकरा जणांनी हे पान वाचलं, खाली सह्या केल्या, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की खाली कधी यायचं?

दोन वर्षं मी तुम्हाला भूगोल शिकवला. तो परीक्षेपुरता नव्हता. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता. मग हिशोब का केला नाहीत? बारीपासून माथ्यापर्यंत आठशे-नऊशे मीटरचा चढ आहे आणि वाट सहा-साडेसहा किलोमीटरची. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीच्या पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. मांडा गणित. पावणेतीन तास होतात, तेही सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचे. तुमच्यातले निम्मे जण दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत धापा टाकतात. तुम्हाला चार तास लागतील असं धरा. उतरायला तीन. लोखंडी शिड्यांपाशी शनिवार-रविवारी रांग लागते, तो वेळ वेगळा. दहाला निघून बाराला माथा, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?

"मॅडम, कळसूबाई तर लहान लेकरंही चढतात." हे उत्तर मला देऊ नका. चढतात. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायाही देवीला जातात. त्यांचे पाय त्या डोंगरात वाढलेत. तुमचे पाय वाशीमच्या पठारावर वाढलेत आणि गेली दोन वर्षं ते ट्यूशनच्या बाकाखाली आहेत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पण आपले पाय कसे आहेत हे न ओळखता बेत आखणं मला चालणार नाही.

शिवाय ते पाय रात्रभर न झोपलेले असणार. जाताना जनरलच्या डब्यात उभे. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, गुडघे थरथरत असतात, लक्ष उडालेलं असतं, आणि पाय तेव्हाच घसरतो. शिडीवर तर तोंड शिडीकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरायचं असतं. हातात फोन धरून नाही.

सामानाच्या यादीत काय आहे? पॉवर बँक, सेल्फी स्टिक, ब्लूटूथ स्पीकर, डिओ. पाणी माणशी एक बाटली. "वर ताक, भजी मिळतात" अशी पुढे टीप. गावकऱ्यांची दुकानं असतात, मान्य. पण त्यांच्या भरवशावर कुणी पाण्याविना चढत नाही. माणशी तीन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर. डिओ घरी ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र वासानं, धुरानं, गोंगाटानं ती उठतात, आणि उठली की पळायला तिथे जागा नसते. म्हणून स्पीकरही घरीच. बॅटरी यादीत नाही. स्वेटर नाही. वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तुम्ही त्याहून अकराशे मीटर वर जाताय. हजार मीटरला साडेसहा अंश, हे फळ्यावर किती वेळा लिहिलंय मी? डिसेंबरात, वाऱ्यात, घामानं भिजलेल्या शर्टावर ते सात अंश काय करतात ते तिथे गेल्यावर शिकायचं नसतं. आणि अंधाराचं म्हणाल, तर बारी आपल्यापेक्षा पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य तिथे सुमारे चौदा मिनिटं उशिरा मावळतो. तुमच्या वेळापत्रकाला त्या चौदा मिनिटांचाच काय तो आधार आहे.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. बी.एड.ला असताना आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्यावर सूर्यास्त पाहायचा हट्ट धरला आणि पाचनईच्या वाटेनं अंधारात उतरलो. नऊ जणांत एक बॅटरी. माझ्या मैत्रिणीच्या बुटाचा तळ उखडून तोंडासारखा उघडला होता, तो आम्ही ओढणीची पट्टी फाडून बांधला. बूट नवेच दिसत होते, पण वर्षानुवर्षं पेटीत पडून त्यांचा गोंद सुकला होता. पुढच्याच वळणावर तिचा घोटा मुरगळला. पंधरा मिनिटांच्या वाटेला दोन तास लागले. ती रडत नव्हती, फक्त सारखी विचारत होती, "आईला काय सांगायचं?" तिनंही घरी दुसरंच सांगितलं होतं.

आणि सगळ्यात जास्त राग मला कशाचा आला ते सांगते. पानावर सातवं नाव ज्या मुलीचं आहे, तिला दमा आहे. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. वर्गात तिचा पंप कुठल्या कप्प्यात असतो तेही माहीत आहे. तरी यादीत तो नाही, आणि वेळ लिहिलीय ती तुमच्यातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या मुलाची. बेत सगळ्यात हळू चालणाऱ्यासाठी आखायचा असतो. तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. तिला मागे टाकून शिखरावर फोटो काढणार होतात का?

जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. तुमच्या वयात तो डोंगर बघितलाच पाहिजे. पण हे पान मी फाडतेय. नवं लिहा. एक रात्र बारीत मुक्काम, गावात घरगुती सोय होते. गावातलाच एक वाटाड्या सोबत, त्याचे पैसे आधी ठरवून. सकाळी साडेसहाला पाऊल उचलायचं. बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे, शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. घरच्यांच्या सह्या, वाटेचं नाव, परतीची वेळ, एक प्रत घरी, एक माझ्याकडे. तोवर रोज पहाटे एकबुर्जी धरणाच्या रस्त्यानं चाला, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन, ज्या बुटांनी जाणार तेच बूट घालून.

शनिवारी संध्याकाळी पाचला सगळे माझ्या अंगणात या, भरलेल्या पिशव्या घेऊन. प्रत्येकाची पिशवी मी उघडून बघणार आहे. आणि त्याआधी, आज रात्री, ज्या मुलीची आई फाटकावर उभी होती तिच्या घरी तुम्ही अकराही जण जाल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही.