छिद्रं दोघांनाही, पकड मात्र वेगळी

झिओलाइट आणि कोळसा दोन्ही सच्छिद्र आणि दोन्ही पाणी शुद्ध करणारे. म्हणून एक नसेल तर दुसरा चालेल, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. नुसत्या छिद्रांनी काही अडकत नाही. आत शिरलेला कण कोणत्या बळाने धरला जातो, ते पाहायला हवं.

सक्रिय कोळशापासून सुरुवात करू. नारळाच्या करवंट्या हवा न लागू देता भाजतात, मग त्यांवर अतितप्त वाफ सोडतात. आत लहानमोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्या तयार होतात आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. हा पृष्ठभाग कार्बनचा, त्यावर विद्युतभार जवळपास नाही. म्हणून पाण्याशी ज्यांचं फारसं जमत नाही असे रेणू, म्हणजे रंग, वास, कीटकनाशकं, अनेक औषधं, पाणी सोडून त्याला चिकटतात. विषबाधेत डॉक्टर सक्रिय कोळसा देतात तो याच गुणामुळे. पण पोटात लोहाच्या किंवा लिथियमच्या गोळ्या गेल्या असतील, तर तो कामाचा नाही, कारण त्यांचे भारित कण त्याला फारसे चिकटत नाहीत.

झिओलाइटची घडण निराळी. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची ती स्फटिकी चौकट. तिच्यातल्या वाटा ठरावीक मापाच्या. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की चौकटीवर ऋणभार उरतो. तो भरून काढायला सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन पोकळ्यांमध्ये सैलसर राहतात. बाहेरून अमोनियम आला की ते जागा सोडतात, तो आत बसतो. झिओलाइटचं पाण्यातलं मुख्य काम हे असं अदलाबदलीचं आहे. घरच्या ऑक्सिजन यंत्रातही ते असतं. तिथे नायट्रोजन त्या आयनांकडे अधिक ओढला जातो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट अशा झिओलाइटांचे देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जरूर पाहावेत. यंत्रात वापरतात ते मात्र कारखान्यात घडवलेलं.

दोघांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो माशांच्या टाकीत. माशांना अमोनिया मारतो. गोड्या पाण्यात झिओलाइट तो अमोनियमच्या रूपात धरतं, कोळसा त्याला जवळपास हात लावत नाही. उलट पाण्याचा पिवळेपणा आणि उपचारानंतर उरलेलं औषध कोळसाच काढतो. भरलेलं झिओलाइट मिठाच्या दाट पाण्यात ठेवलं की सोडियमच्या गर्दीपुढे अमोनियम बाहेर पडतो आणि ते पुन्हा वापरता येतं. कोळशाला ही सोय नाही. घरी तो बदलावाच लागतो. पण हीच सोय टाकीत घातकही ठरते. आजारी माशांसाठी पाण्यात मीठ घालणार असाल, तर आधी झिओलाइटची पिशवी बाहेर काढा. नाहीतर तिने धरलेला अमोनिया पुन्हा माशांच्याच पाण्यात उतरेल.