चारा आणि हद्द

हरणासाठी मुद्दाम पीक पेरायचं, ते खायला हरीण आलं की मचाणावरून गोळी घालायची. यात पाप कुठं आहे, गोळीत की पेरणीत? माझ्या भाच्यानं हा प्रश्न विचारला. तो अमेरिकेत मिसुरी राज्यात नोकरीला आहे. तिकडचे शिकारी रानाच्या कडेला तुकडे राखून त्यात बरसीमच्या जातीचा क्लोव्हर, सलगम, ओट, राय असं काहीबाही पेरतात. नांगर लावत नाहीत. तणनाशक मारतात, पावसाच्या तोंडावर बी फोकतात आणि वाळलेलं गवत आडवं पाडून त्याचंच आच्छादन करतात. ‘‘मामा, अगदी तुमच्यासारखी शेती,’’ भाचा म्हणाला.

पद्धत सारखीच आहे, हे मला मान्य आहे. बदनापूरजवळच्या माझ्या काळ्या रानात मीही नांगरट सोडली आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी पद्धतीनं गादीवाफे एकदाच पाडले, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतो आणि त्याच वाफ्यावर टोकण करतो. तूर आमच्या बदनापूरच्याच कृषी संशोधन केंद्राची, बीडीएन 711. जुलैत ती वीतभर झाली की काळविटांचा कळप उतरतो. कोणी खाल्लं ते शेंड्यावरून कळतं. सशानं तोडलेला शेंडा विळीनं कापल्यासारखा तिरपा आणि साफ असतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते ओरबाडतं, म्हणून टोक फाटलेलं दिसतं, सालीचे धागे लोंबत राहतात. अशा ओळीच्या ओळी सकाळी बघितल्या की पोटात खड्डा पडतो. मग जागल सुरू होते. माचा बांधायचा, बॅटरी मारायची, आरोळ्या द्यायच्या.

काळविटाला आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सगळ्यात कडक संरक्षण आहे. त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात ठार मारण्याबरोबर फासे लावणं, हाकारा घालणं आणि आमिष दाखवणंही येतं. म्हणजे शिकारीसाठी आमिष टाकलं तिथंच शिकार सुरू झाली, असं कायदा मानतो. पण कायदा म्हणतो म्हणून एखादी गोष्ट पाप ठरत नाही. तिचा विचार वेगळा करावा लागतो.

मिसुरीच्या शिकाऱ्याची बाजूही लंगडी नाही. त्यानं पेरलेलं पुष्कळशी हरणं खातात आणि मरतं त्यातलं एखादंच. मारलेल्याचं मांस तो घरी खातो. बंदुका आणि काडतुसांवरचा कर तिथं 1937 पासून वन्यजीवांच्या कामाला जातो. उलट मी हरणाला एक काडीही देत नाही, वर हाकलून लावतो. मग दयाळू कोण? देणारा की हाकलणारा? मी बरेच दिवस यात अडकलो होतो. वाट दाखवली ती वर्षावासात विहारात वाचलेल्या निवाप सुत्तानं.

मज्झिम निकायातलं हे पंचविसावं सुत्त. हरणासाठी चारा पेरणाऱ्या पारध्याचीच ती गोष्ट आहे. भगवान बुद्ध सुरुवातीलाच पारध्याच्या मनात शिरतात. हरणांनी हे खाऊन धष्टपुष्ट व्हावं, पुष्कळ जगावं, या इच्छेनं तो पेरत नाही. त्यांनी भान हरपून खावं आणि आपल्या हाती लागावं, म्हणून पेरतो. पुढं चार कळप येतात. पहिला बेभान खातो आणि सापडतो. दुसरा घाबरून रानात पळतो, पण उन्हाळ्यात गवतपाणी संपलं की हाडांचा सापळा होऊन त्याच चाऱ्याकडं परततो. तिसरा जवळ राहून जपून खातो, तर पारधी जाळी लावून त्याची बसायची जागाच शोधून काढतो. चौथा पारध्याचे पाय पोचत नाहीत तिथं राहतो, तोच वाचतो. पारधी म्हणजे मोहात पाडणारा मार, चारा म्हणजे इंद्रियांची सुखं आणि हरणं म्हणजे श्रमण-ब्राह्मण. मला मात्र त्यात आपण सगळेच दिसतो. आमच्या जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाची उचल सणासुदीच्या तोंडावर हातात पडते, तेव्हा ती मदतच वाटते. तिचा हिशेब पुढं फडात कळतो.

म्हणून माझं उत्तर असं आहे की पाप दोन्हीकडं आहे, पण निरनिराळं. गोळी पंचशीलातलं पहिलं, जीव न घेण्याचं शील मोडते. पेरणी मोडते ती खोटं न बोलण्याचं शील. शिकाऱ्याचा चारा म्हणजे तोंड न उघडता बोललेलं खोटं. घास खरा आहे, त्यामागचा निरोप खोटा आहे. कोणी म्हणेल, बोकडालाही आपण पाला घालतोच. बोकडाचं मारणं काही निर्दोष नाही. पण निदान त्याचं आजारपण, त्याची तहान, त्याचा उन्हाळा धन्याच्या गळ्यात असतो. रानातल्या हरणाचं शिकारी काहीच देणं लागत नाही. तो फक्त त्याची भूक वापरतो.

मग आमिषाच्या उलट काय, दान? निग्रोधमृग जातक वाचेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. बनारसचा राजा रोज शिकारीला निघे आणि लोकांची कामं बुडत. वैतागून लोकांनी राजाच्या बागेत चारा पेरला, पाण्याची सोय केली, हरणं आत हाकली आणि दार लावून घेतलं. रोज एका हरणाची पाळी ठरली. एका गाभण हरिणीची पाळी आली तेव्हा तिच्याऐवजी मृगराज निग्रोधानं स्वतःची मान ठेवली. राजा विरघळला आणि त्यानं सगळ्या प्राण्यांना अभय दिलं. बहुतेक जण गोष्ट इथंच थांबवतात. पण ती पुढं चालते, आणि शेतकऱ्याच्या कामाचा भाग तोच आहे. निर्भय झालेली हरणं लोकांची पिकं खाऊ लागली. लोक राजाकडं गेले, राजानं शब्द मोडायला नकार दिला. तेव्हा निग्रोधानं आपल्या कळपाला पीक खायची मनाई केली आणि माणसांना निरोप धाडला की कुंपण घालू नका, शेताभोवती पानांची खूण बांधा. ती खूण हरणांनी ओलांडली नाही.

आमच्या शिवारात बांधाबांधानं जुन्या साड्या ताणलेल्या असतात. लाल, पिवळ्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. मला त्यात ती पानांची खूण दिसते. आमिषाच्या उलट असते ती हद्द, उघडपणे सांगितलेली. साडी, आरोळी, बॅटरीचा झोत, सगळे एकच सांगतात : इथून पुढं येऊ नकोस. यात प्रेम नसेल, पण फसवणूक नाही. याच मापानं बांधावर मेन लाइनची उघडी तार सोडणारा माणूस शिकाऱ्याहूनही खाली बसतो. ती तार म्हणजे दबा धरलेली हद्द. तिच्यानं हरणं मरतात, तशी माणसंही मेली आहेत.

पण हद्दीला दोन बाजू लागतात. अलीकडं माझी तूर आहे. पलीकडं हरणाचं काय उरलं? गायरानं वहितीत गेली, माळ फुटले, जालना आणि बदनापूर तालुक्यांच्या शिवारातून समृद्धी महामार्ग भिंती घेऊन गेला. पलीकडं गवतच ठेवलं नाही, तर ‘येऊ नकोस’ हेही खोटंच ठरतं. मग आपण त्याला सुत्तातल्या दुसऱ्या कळपासारखं उपासमारीकडं लोटतो आणि वर चोर म्हणतो. म्हणून प्रत्येक गावानं गायरानाचा एक तुकडा पवना-कुसळीच्या गवतासाठी मोकळा सोडावा, उन्हाळ्यात तिथं पाणवठा भरावा आणि त्याच्या आसपास कोणीही दबा धरू नये. चारा तोच, पाणी तेच. फक्त पारधी वजा करायचा. निग्रोधानं आपल्या कळपाला आवर घातला होता. माणसांच्या कळपाला आवर घालणं हे आपलं काम आहे, आणि ते हरणावर सोपवता येणार नाही.