असंगाचं शस्त्र आणि मामांचं नवीन मशीन



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १ ते ४.

पंधरावा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असतो. अवघे वीस श्लोक, आणि पुष्कळ घरांत तो जेवणाआधी म्हणायची पद्धत आहे. मीही लहानपणापासून म्हणतो, एक डोळा ताटातल्या भाजीवर ठेवून. सुरुवातीलाच भगवंत ते उलटं झाड दाखवतात. मुळं वर, फांद्या खाली, असा संसाराचा अश्वत्थ. आणि लगेच सांगतात की खोल मुळं धरलेलं हे झाड असंगाच्या बळकट शस्त्राने तोडायचं.

इतकी वर्षं मी ही एक छान उपमा म्हणून पुढे जात होतो. यंदा रामनवमीच्या आधी मात्र माझ्या हातात खरंच शस्त्र होतं आणि समोर खरंच झाड होतं. त्या दिवशी जे झालं ते आज लिहितोय. लिहायला थोडं जड जातंय.

माझे मामा दिंडोरी तालुक्यात असतात. गेल्या मे महिन्यातल्या वादळी पावसात त्यांच्या द्राक्षबागेच्या बांधावरची तीन झाडं पडली. दोन बाभळी आणि एक कडुनिंब. बाभळी मुळासकट उपटल्या गेल्या होत्या. दहा महिने उन्हात पडून खणखणीत वाळल्या. गावात रामनवमीचा सप्ताह असतो, आणि काल्याच्या महाप्रसादाचा स्वयंपाक अजून चुलींवरच होतो. मामांनी शब्द दिला होता, "यंदाचं सरपण माझ्याकडून."

पण मार्च म्हणजे द्राक्षतोडणीचे दिवस. लाकडं फोडायला माणूस मिळेना. मामांचा खांदा दुखतो, कुऱ्हाड त्यांना आता झेपत नाही. म्हणून त्यांनी चेनसॉ घेतला. पेट्रोलवर चालणारा, कोरा करकरीत. एका टाकीत टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दुसऱ्या टाकीत साखळीला लागणारं तेल. मी शनिवार-रविवार नाशिकहून मदतीला गेलो, आणि मशीन चालवायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं.

दुकानदाराने मामांना नीट समजावलं होतं, मामांनी मला समजावलं. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, कारण टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून अंगावर येतं. आणि एक गोष्ट मला फार आवडली. बोटाने खटका दाबलेला असतो तोवरच साखळी फिरते. बोट सोडलं की इंजिन चालू राहतं, पण साखळी थांबते.

पहिली बाभूळ तासाभरात संपली. हातहातभराचे ओंडके पडत गेले. मामा म्हणाले, "कुऱ्हाडीने याला दोन माणसं आणि दोन दिवस लागले असते." खरं सांगतो, मला मजा येत होती. ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला इतक्या पटकन दिसणारं काम क्वचित मिळतं. खटका दाबला की लाकूड दुभंगतं आणि पिवळसर भुसा उडतो. दुसरी बाभूळही जेवणाआधी संपली. मामांनी ढिगाकडे बघितलं, "पुरे आता, सगळ्या पंगती निघतील एवढ्यात," म्हणाले आणि ट्रॅक्टर आणायला घरी गेले.

मी एकटाच राहिलो. टाकीत अजून पेट्रोल होतं.

बाभळींच्या रांगेतच तो कडुनिंब पडला होता. पण पूर्ण नाही. अर्धी मुळं उघडी पडली होती, अर्धी मातीत होती. आडवा होऊनही तो तगला होता. फांद्यांच्या टोकांना चैत्रातली ती तांबूस कोवळी पालवी होती, आणि ती मी पाहिली होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मनाने मला समजवायचा प्रयत्न केला की तुझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं होतं.

तेवढ्या क्षणभरात माझ्याकडे तीन कारणं तयार झाली. सप्ताहाला सरपण कमी पडलं तर? नाहीतरी पडलेलंच झाड आहे. आणि शेवटी देवाचंच तर काम आहे.

मुळांपासून कमरेएवढं अंतर सोडून मी पट्टी टेकवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. या वेळी भुसा ओला होता, पँटला चिकटत होता, त्याला कडवट वास होता. खोड तुटून बाजूला पडलं आणि त्याच क्षणी, वरचं वजन गेल्यामुळे, राहिलेला बुंधा मुळांच्या मातीसकट धप्पकन मागे जाऊन आपल्या खड्ड्यात उभा राहिला. मी दचकून मागे सरलो. वादळात पडलेली झाडं कापताना असं होतं, आणि तिथे उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की दहा महिने आडवं पडलेलं झाड उभं राहिलंय आणि त्याला वर काहीच उरलेलं नाही.

मामा ट्रॅक्टर घेऊन आले. काही बोलले नाहीत. कापलेल्या जागेवर तळवा ठेवला, ओल बघितली. मग म्हणाले, "हा जिवंत होता रे."

मी म्हटलं, "मामा, सप्ताहाला लागेल म्हणून..."

ते म्हणाले, "कुऱ्हाड असती तर तू इथवर पोचलाच नसतास. दोन बाभळींतच हात भरून आले असते."

रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांनी सरपण बघितलं आणि निंबाचे ओंडके सरळ बाजूला काढले. ओलं लाकूड, नुसता धूर होईल, वरणाला वास लागेल. म्हणजे ज्या देवाच्या कामाचं नाव घेऊन मी ते झाड कापलं, त्या कामाला त्याची एक ढलपीसुद्धा लागली नाही. बाभळीतलंही सरपण उरलं.

त्या रात्री कीर्तनात मन लागेना. राहून राहून माझाच एक फोटो आठवत होता. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या तपोवनातल्या झाडांचा विषय पेटला होता, तुम्हाला आठवत असेल. सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी सतराशे-अठराशे झाडांवर कुऱ्हाड येणार अशी चर्चा होती, महापालिकेकडे हरकती गेल्या, लोक तपोवनात जमले. मीही गेलो होतो. झाडाला मिठी मारून फोटो काढला, स्टोरी टाकली. वर लिहिलं होतं की देवाच्या नावाने झाडं तोडू नका.

माझं ते मत आजही तेच आहे. पण ते मी दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं. चार महिन्यांनी माझ्या हातात मशीन आलं तेव्हा माझ्याही तोंडी तेच कारण होतं: देवाचं काम.

आता श्लोकाकडे येऊ. असंग म्हणजे काय? आपण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'कशाचंच काही न वाटणं' असा घेतो. पण त्या अर्थाने मी त्या दुपारी पक्का असंगच होतो की! पालवी दिसली आणि काहीही वाटलं नाही. ओढ नाही, दुःख नाही. हात थरथरला नाही. हाच जर असंग असेल तर खाटीकखान्यातली मशीनं आपल्या सगळ्यांपेक्षा मोठी योगी ठरतील.

नीट पाहिलं तर माझा संग होता, आणि चांगला घट्ट होता. तो झाडाशी नव्हता, एवढंच. तो हातातल्या वेगाशी होता. भुसा उडण्याच्या मजेशी होता. 'भाच्याने एकट्याने सगळं सरपण काढलं' हे सप्ताहात चारचौघांत ऐकायला मिळावं, या इच्छेशी होता. ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याला तोडणं, याला बेफिकिरी म्हणतात. भगवंत म्हणतात ते शस्त्र आपल्या 'मी करतोय' या ओढीवर चालवायचं असतं. मला ते उलटं कळलं होतं. ओढ तशीच ठेवून मी समोरचं झाड कापलं.

मग मशीनच वाईट का? मला तसं वाटत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचा खांदा वाचला, वाळलेल्या बाभळींचा उपयोग झाला, गाव जेवलं. आणि कुऱ्हाड म्हणजे पुण्य असंही नाही. सह्याद्रीतली कितीतरी जंगलं कुऱ्हाडीनेच गेली आहेत. पण मामांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला अंगातलं काहीतरी द्यावं लागतं. दम लागतो, माणूस थांबतो, घाम पुसतो, वर बघतो. त्या थांबण्यात विचाराला जागा मिळते. इतके दिवस थांबण्याचं काम दमलेले हात करायचे आणि श्रेय आपण आपल्या संयमाला द्यायचो. मशीनने हातांचं दमणं काढून घेतलं. आता ते काम मनाला करावं लागणार, आणि माझ्या मनाला त्याची सवय नव्हती.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात चेनसॉ कधी येणार नाही. पण फोन आहे. रागाचं पत्र लिहायला पूर्वी कागद लागायचा, पाकीट लागायचं, पोस्टाची पेटी गाठावी लागायची. तोवर निम्मा राग उतरायचा. आज वीस वर्षांची मैत्री ब्लॉक करायला एक बोट पुरतं, आणि त्यालाही आपल्याकडे तीन कारणं तयार असतात.

आपल्या पूर्वजांनी यावर एक साधा उपाय ठेवला होता असं मला वाटतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवमूर्तीसाठी झाड तोडण्याचा विधी आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या जिवांना विनंती करायची की तुम्ही दुसरीकडे मुक्काम हलवा, आणि मग सकाळी तोडायचं. देवाची मूर्ती घडवायची असली तरी मध्ये एक रात्र. पूजेचं महत्त्व आहेच, पण मला आज ती रात्र महत्त्वाची वाटते. रात्रभरात माणूस स्वतःला विचारू शकतो की हे खरंच लागणार आहे का.

आणि लांब कशाला, आपली पंचवटीच घ्या. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात लक्ष्मण इथे पर्णकुटी बांधतो. वेळू, शमीच्या फांद्या, गवत, पानं, सगळं तोडूनच आणावं लागलं असणार. पण त्याआधी तो रामाला म्हणतो की जागा तुम्ही सांगा, मी तुमच्या आज्ञेत आहे. आणि कुटी झाल्यावर गोदावरीत स्नान करून, कमळं आणून, पुष्पबली देऊन शांती करतो. त्याने लागलं तेवढं घेतलं, थांबला आणि हात जोडले. देवासाठी तोडणं कसं असतं ते तिथे दिसतं. माझ्याकडे मामांची आज्ञा होती, 'पुरे आता' अशी. मी तीच मोडली.

म्हणून आजचा संकल्प छोटासाच. जे परत जोडता येणार नाही ते तोडण्याआधी मध्ये एक रात्र ठेवायची. झाड असो, नातं असो, नोकरीचा राजीनामा असो. आणि 'देवाचंच काम आहे' हे कारण मनात आलं तर दोन रात्री ठेवायच्या.

मामांनी त्या बुंध्याभोवती माती ओढून आळं केलंय. कडुनिंब खोडातून पुन्हा फुटतो, असं ते म्हणतात. फुटेल की नाही ते पावसाळ्यात कळेल. फुटला तरी ते त्याचं मोठेपण, माझा हिशेब त्याने मिटत नाही. गेल्या रविवारी जाऊन मी त्याला दोन बादल्या पाणी घातलं आणि तिथेच बसून पंधरावा अध्याय म्हटला. या वेळी तिसऱ्या श्लोकाशी बराच वेळ थांबलो.

रामकृष्ण हरी.