पट्टी की किंमत?

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी पाणी भरायचे असते. चिंचेने लखलखीत घासलेल्या तांब्याच्या बंबाला मामी हळदकुंकवाची बोटे ओढते, गळ्यात झेंडूची माळ घालते, आणि मग पहिली घागर ओतते. ही घागर पूर्वी परसातल्या विहिरीची असे. विहीर अजून आहे, रहाटाची लाकडेही आहेत. पण समुद्र इतका जवळ की उन्हाळ्यात तिचे पाणी मचूळ होते, आणि एकदा मोडलेली सवय मोडली ती मोडलीच. बंब आता पालिकेच्या नळावर भरतो.

गेल्या दिवाळीत हा सोहळा चालू असतानाच मामा ओटीवरून म्हणाले, "पाणीपट्टी वाढवायचा ठराव सभेपुढे येतोय. आता पाणीसुद्धा विकत घ्यायचं!"

"दूध विकत घेतो, भाजी विकत घेतो, पाण्यानंच काय घोडं मारलंय?" मामी आतून म्हणाली.

"अगं, पाणी म्हणजे काय भाजी आहे?"

मामा पालिकेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. गावाचे नाव मी सांगत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही लहान शहरात हाच संवाद ऐकू येईल. पण त्या रात्री मला झोप लागेना. दोघांचेही म्हणणे खरे वाटत होते आणि दोन्ही एकदम खरी असणे तर शक्य नव्हते.

आपल्या भाषेने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लावून ठेवला आहे असे मला वाटते. आपण पाण्याची 'किंमत' भरतो असे कोणी म्हणत नाही. पाणी'पट्टी' भरतो म्हणतात. गावात देवळाचे छप्पर शाकारायचे असो की बांध घालायचा असो, चार शहाणी माणसे बसून घरटी पट्टी बसवीत. ज्याची वाडी मोठी त्याची पट्टी मोठी. विधवेला, म्हाताऱ्याला सूट. किंमत देणारा गिऱ्हाईक असतो, दाम दिले की त्याचा संबंध संपला. पट्टी देणारा वाटेकरी असतो आणि त्याचा संबंध तिथे सुरू होतो.

ही झाली कल्पना. प्रत्यक्षात पट्टी ठरते कशी, हे मामांनीच मला दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटावर समजावून सांगितले. पाणी धरणातून घेतले तर पाटबंधारे खात्याचे देणे; औद्योगिक महामंडळाच्या नळातून घेतले तर महामंडळाचे. त्यावर पंपाची वीज, तुरटी, क्लोरीन, माणसांचे पगार, फुटलेल्या नळांची दुरुस्ती. ही बेरीज नळजोडण्यांत वाटायची. नगरपालिकांच्या कायद्यात घराच्या मूल्यावर बसणारा कर आणि प्रत्यक्ष नळाच्या पाण्याचा आकार असे दोन्ही मार्ग आहेत. लहान शहराला मीटर बसवणे, वाचणे आणि दुरुस्त करणे झेपत नाही म्हणून नळाच्या तोटीवर ठराविक रक्कम लावतात: अर्धा इंची नळाला इतकी, पाऊण इंचीला इतकी.

"आणि बेरीज वसूल होते?" मी विचारले.

"कुठली! निवडणूक जवळ आली की कोण वाढवतो? तूट सर्वसाधारण निधीतून काढायची."

आता, केवळ खर्चावर जायचे म्हटले तर निसर्गच मोठा पक्षपाती आहे. मुरूडला नवाबांच्या काळापासून गारंबीच्या डोंगरातले पाणी उताराने गावात येत आले. त्याच रायगड जिल्ह्यातले माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर. शार्लोट तलाव पुरेनासा झाल्यावर तिथले पाणी खाली नेरळहून, उल्हास नदीतून, टप्प्याटप्प्याने पंप करून वर चढवावे लागते. निव्वळ किंमत म्हणून हिशेब केला तर माथेरानच्या हमालाने मुरूडच्या बागायतदाराहून कित्येक पट पैसे मोजले पाहिजेत. डोंगर चढणे हा काही हमालाचा गुन्हा नव्हे. म्हणून खर्चाचा काही भार गावाबाहेरच्या तिजोरीने उचलावा हे न्यायाचे आहे.

पण तुटीची गोष्ट निराळी. सर्वसाधारण निधी म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या सर्वांचा पैसा. त्यात ज्यांच्या दारी नळच नाही, किंवा असून शेवटच्या टोकाला असल्यामुळे ज्यांच्या तोटीतून नुसती हवा येते, तेही आले. पाणी स्वस्त ठेवले की गरिबाचे भले होते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः स्वस्त पाण्याचा लाभ जो जितके जास्त पाणी ओढतो त्याला तितका जास्त होतो, आणि भरपाई न ओढणाऱ्याच्या खिशातून होते. हे दान उलट्या दिशेने वाहते.

गावाच्या वाट्यात असूनही पाण्यापासून दूर ठेवल्याचे सर्वांत दारुण उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. किनाऱ्यापासून थोडे आत, सावित्रीकाठच्या महाडला चवदार तळे पालिकेचे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला, त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड पालिकेनेही ठराव केला. आणि तरी तळ्यावर अस्पृश्यांना जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे, वहिवाट जुनी आहे, असे दावे चालले ते १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले तेव्हा थांबले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! तिथे भांडण दराचे नव्हते, वाटेकरी कोण हेच मान्य नव्हते. आजच्या पाणीपट्टीच्या यादीशी त्याची तुलना करणे धाष्टर्याचे होईल. पण पट्टीचा कोणताही तक्ता हाती आला की मला प्रथम हेच पाहावेसे वाटते, की भरणाऱ्यांत कोण आहे आणि पिणाऱ्यांत कोण नाही.

मग मीटर बसवावेत, जो वापरील तो भरील? हे उत्तर दिसते तितके सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून दर कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण घेतले. आठ माणसांच्या घराला माणशी रोज २५ लिटर असा त्याचा हिशेब. योजना उदार, पण कुटुंबात सोळा माणसे असली तर माणशी साडेबाराच उरतात, आणि दोन माणसांच्या बंगल्याला चौपट मिळते. आपल्याकडेही जास्त वापराला चढा दर लावला की एका नळावर तीन बिऱ्हाडे काढणारी चाळ श्रीमंत ठरते. मीटर लिटर मोजतो, तोंडे मोजत नाही.

इथपर्यंत माझा विचार बरा चालला होता. पुढे मात्र तो आमच्याच घराशी येऊन अडला.

मामांनी निवृत्तीनंतर परसात तीन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरतात, समुद्रात डुंबतात आणि परत येऊन गोड्या पाण्याने तासभर अंघोळ करतात. नळ अर्धा इंचीच आहे, घरगुती दराचा, आणि त्याला पंप लावलेला आहे. पंप सुरू झाला की खालच्या आळीला आणि कोळीवाड्याला पाणी जात नाही, हे हिशेबखात्यात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नाही असे कसे म्हणावे? मी मात्र काही बोललो नाही. माझ्या शिक्षणाचे दोन हप्ते त्याच खोल्यांच्या भाड्यातून गेले होते.

आणि हे झाले नुसते येणाऱ्या पाण्याचे. जाणाऱ्या पाण्याची तर आपण पट्टीच धरीत नाही. अभियंत्यांचा ठोकताळा असा की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर हा सरकारी मापदंड त्यामुळेच शहाणपणाचा आहे. आम्ही मात्र पाणी १३५ लिटरांचे मागतो आणि गटाराचे नाव काढत नाही. पाणी नाही आले तर आपण ओरडतो, कारण तहान आपली असते. सांडपाणी मोरीबाहेर गेले की ते दुसऱ्याचे.

हा दुसरा कोण, हे आपल्या समाजाला नेहमी ठाऊक होते. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा करच होता. मैला वाहणाऱ्याच्या नावाने कर, पण त्या जन्माची भरपाई कोणत्या करातून व्हायची? कोकणच्या आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले. ज्या कामाची किंमत कोणी देत नाही, ते स्वतः करून पाहावे, असा तो साधा आग्रह होता. पुढे कणकवलीला त्यांनी मैल्याचे खत करणारे संडासही रचून दाखवले. पाण्याच्या बाबतीत किंमत की पट्टी असा वाद घालता येईल. सांडपाण्याच्या बाबतीत मला तो घालता येत नाही. ते सरळ ऋण आहे, आणि गटार जोडलेले असो वा नसो, ज्याने घाण केली त्याने ते फेडले पाहिजे.

अभ्यंगस्नान झाले. कारीट फोडून झाले. बंबातले पाणी उटण्याचा वास घेऊन मोरीतून बाहेर पडले. ते पूर्वी वाडीतल्या केळींना जाई; केळी काढून तिथे खोल्या झाल्या. आता ते उघड्या गटाराने आळीतून कोळीवाड्याकडे उतरते. मी त्याच्या बाजूने चालत गेलो. टोकाला एक मावशी मासळी सुकत घालीत होत्या. पहाटेपासून साऱ्या गावाचे स्नान त्यांच्या अंगणाशी तुंबले होते, आणि त्या निमूटपणे टोपल्या उचलून कोरड्या जागी नेत होत्या.

"मावशी, नळ आला का आज?" मी विचारले.

"सणाचं कुठं येतंय बाबा," त्या म्हणाल्या. "वरती सगळी न्हातात ना!"

घरी येऊन मी हे मामांना सांगितले. ते बराच वेळ चकली मोडीत बसले. मग म्हणाले, "व्यापारी जोडणीचा दर काय आहे माहीत आहे तुला? तिप्पट बसेल."

"बसेल," मामी म्हणाली. "अर्ज कुठे मिळतो?"

"कचेरी भाऊबीजेनंतर उघडेल," मामा म्हणाले, आणि उठून त्यांनी पंपाचे बटण बंद केले.