आधी पूर्वपक्ष ऐकावा

कीर्तनात हशा पिकवणे सोपे असते. ‘माणूस माकडापासून झाला म्हणतात, त्यांचा आजा असेल, आमचा नव्हे!’ असे म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे हशा मिळवला. मागच्या वारीत मुक्कामी एका शाळकरी पोराने पाया पडून विचारले, “महाराज, ते पुस्तक तुम्ही वाचलंय का?” आम्ही निरुत्तर झालो.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडावा, हा पाठशाळेतला आमचा पहिला धडा. तोच आम्ही नारदाच्या गादीवर उभे राहून मोडला होता! मग मुकाट्याने वाचू लागलो.

सज्जनहो, आजची माकडे आपले पूर्वज, असे ते शास्त्र म्हणतच नाही. वानर व माणूस एकाच जुन्या कुळाच्या फांद्या, इतकेच ते सांगते. पिल्लापिल्लांत थोडा फरक असतो. जगण्यास उपयोगी पडेल तो फरक पुढच्या पिढ्यांत वाढतो. डार्विनने हा विचार वीस वर्षे जवळ ठेवला. १८५८ साली पूर्वेकडच्या बेटांतून वॉलेसचे पत्र आले, त्यात तोच विचार! दोघांचे लेख लंडनच्या सभेत एकत्र वाचले गेले. वॉलेसने मत्सर केला नाही. १८८९ साली स्वतःच्या ग्रंथाला त्याने नाव दिले ‘डार्विनिझम’.

डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात स्वतःच्या मतावरील अडचणींचा वेगळा अध्याय आहे. पूर्वपक्ष म्हणतात तो हाच! १८६७ साली जेंकिनने आक्षेप घेतला, की दुधात पाणी घालावे तसा नवा गुण पिढ्यांत पातळ होऊन जाईल. गुण विरत नाहीत, दाण्यांसारखे वेगळे राहतात, हे मेंडेल या ख्रिस्ती साधूने वाटाण्यांवरून १८६६ सालीच छापले होते. पण जगाचे लक्ष गेले १९०० साली. डार्विन १८८२ मध्येच वारला होता.

कोणी म्हणेल, ‘आज एक, उद्या दुसरे, असलं शास्त्र खरं कसं?’ आम्ही म्हणतो, चूक उघड टाकून देते म्हणूनच ते विश्वासाला पात्र. आणि हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असेही म्हणू नये, तीही लबाडीच. देह कसा घडला ते शास्त्राने सांगावे. तो कशासाठी झिजवावा ते संतांना विचारावे. जीवमात्राचे कूळ एक निघाले, तर भूतदया सांगणाऱ्या वारकऱ्याने भ्यावे कशाला?

तो विनोद आम्ही सोडला. हशा एक कमी झाला. त्या पोराचे ऋण फिटले की नाही, पांडुरंग जाणे.

रामकृष्णहरि.